वहिनींना विचारते

परवा फरशी पुसताना, आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंना सोफ्याखाली एक वस्तू सापडली. काळ्या रबराची, अंगठ्याच्या नखाएवढी, मध्ये भोक असलेली. कशाची तरी टोपी असावी, नाहीतर कशाचा तरी पाय. मी समोरच बसलो होतो, मोबाईल बघत, म्हणजे काहीच न करता. ताईंनी ती ओल्या बोटांत फिरवून पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं, टीव्हीशेजारच्या फळीच्या टोकाला ठेवली आणि म्हणाल्या, "असू दे इथं. वहिनींना विचारते." मग फडकं बादलीत बुचकळून, पिळून पुन्हा कामाला लागल्या. संध्याकाळी बायको घरी आली. चपला काढता काढताच तिची नजर फळीवर गेली. "अरे वा, इस्त्रीच्या टेबलाचं बूट सापडलं!" ती म्हणाली आणि हातातली पिशवी खाली न ठेवताच ते जागच्या जागी बसवून आली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला तेच आठवत राहिलं. ताईंचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं असतं तर मी "काय माहीत" म्हणालो असतो, आणि हे त्यांना विचारायच्या आधीच ठाऊक होतं. टोचत होतं ते हेच. दारावरच्या पाटीत माझं नाव आहे, वीजबिल माझ्या नावानं येतं, पण घरातली एक वस्तू कुठली आणि तिनं कुठं जायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यावरून तसाच पुढं गेला.

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हाचं आठवतं. आमची कल्पना अशी, की आपण कामाचं स्वरूप सांगायचं, वेळ आणि पगार ठरवायचा, झालं. प्रत्यक्षात प्रश्न बहुतेक त्यांनीच विचारले. खोल्या फिरून बघताना पलंगाला हलकेच ढकलून पाहिलं: "हा सरकतो का? खाली काय भरून ठेवलंय?" बाथरूममध्ये नळाच्या मानेवरचा पांढरा थर नखानं खरवडून पाहिला: "पाणी जड आहे तुमचं." बेसिनखालचं कपाट उघडून बाटल्या बाहेर काढल्या, लेबलं वाचली आणि दोन बाटल्या एकमेकींपासून लांब, वेगवेगळ्या टोकांना ठेवल्या. एक ब्लीचची, दुसरी संडास साफ करायच्या आम्लाची. "या शेजारी नको. कुणीतरी एकात एक ओततं." कुठल्याशा घरी असं झालं होतं, त्या खोकत खोकत बाहेर पळाल्या होत्या, घसा पुढं बरेच दिवस धरला होता. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. खिडकी बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये हा प्रकार जिवावर बेतू शकतो. हे रसायनशास्त्र मी शाळेत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही असेल. पण ते माझ्याच बेसिनखाली खांद्याला खांदा लावून उभं होतं, ते ताईंना दिसलं.

त्यांचं काम बघत बसायची मला हळूहळू सवय लागली. बघत बसणं म्हणजे उघडउघड नव्हे. कुणी आपल्या पायांशी वाकून काम करत असताना आपण खुर्चीत बसून राहणं हा एक विचित्र प्रसंग असतो आणि प्रत्येक जण त्यातून आपापली वाट काढतो. काही जण उठून दुसऱ्या खोलीत जातात. काही जण फोनवर कुणाशी तरी जोरात बोलायला लागतात. मी दोन्ही पाय वर घेतो आणि लॅपटॉपवर एकदम भराभरा टाइप करू लागतो, शब्द कुठले उमटताहेत याची पर्वा न करता. ताई पायांखालची फरशी पुसतात, पुढं सरकतात, "ठेवा आता" म्हणतात. ओल्या फरशीचा थंडावा टाचांना लागतो. फिनाईलचा तो वास, ज्यात थोडं दवाखान्याचं आणि थोडं शाळेच्या पहिल्या दिवसाचं काहीतरी असतं, खोलीभर उभा राहतो. मी टाइप केलेलं सगळं पुसून टाकतो.

तर, त्यांच्या कामाला एक क्रम आहे आणि तो मोडलेला मी पाहिलेला नाही. आधी वरचं, मग खालचं. आधी कोरडं, मग ओलं. बाथरूममध्ये शिरल्या की सगळ्यात आधी औषध टाकून ठेवतात आणि तिथून निघून दुसऱ्या खोलीचा केर काढतात. मला वाटायचं, विसरल्या. पण जंतुनाशकाला पृष्ठभागावर काही मिनिटं ओलं राहावं लागतं, तेव्हाच ते काम करतं. बाटलीमागच्या बारीक अक्षरांत ती वेळ छापलेलीही असते. टाकलं की लगेच पुसणारा माणूस फक्त सुगंध पसरवतो. नळाच्या क्षाराचंही तसंच. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून ठेवायचं आणि आपल्या दुसऱ्या कामाला लागायचं, घासाघीस करायची नाही. मात्र ओट्याच्या टोकाला संगमरवराची एक पट्टी आहे, तिथं ताई व्हिनेगरचा थेंबही पडू देत नाहीत. नळावरचा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा आणि संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच. आम्लाला घाण कुठली आणि शोभा कुठली ते कळत नाही, ते दोन्ही खातं. ताई हे असं सांगत नाहीत. त्या म्हणतात, "तो दगड जळतो." खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवण्याचे जे व्हिडिओ बायको मला पाठवत असते, त्यावर मात्र माझं ठाम मत झालंय. सोडा वेगळा चांगला, व्हिनेगर वेगळं चांगलं. एकत्र केले की दोघं एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागं उरतं ते जवळपास पाणीच. बघायला छान वाटतं, हे खरं.

आई तिच्या घरी बरीच वर्षं सगळं स्वतः करायची. माझ्या सकाळच्या झोपेला केरसुणीचा आवाज चिकटलेला आहे: लांब, लांब, आखूड, मग सुपलीची खरखर. पुढं तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा घरात मदतीला बाई आल्या. आणि तेव्हापासून आई रोज, बाई यायच्या आधी, घर आवरू लागली. वडील हसायचे. "साफ करायला माणूस येणार म्हणून हिची साफसफाई!" या गोष्टीवर जगभर विनोद होतात. तेव्हा मीही हसत असे, पण हल्ली मला आईचं म्हणणं पटतं. ती म्हणायची, "त्यांनी काय माझे कागद आवरायचे? त्यांना काय माहीत कुठला ठेवायचा?" तिच्या डोक्यात ही दोन कामं स्पष्ट वेगळी होती. जी धूळ कुणाचीच नाही ती उचलून बाहेर नेणं हे एक काम. जी वस्तू कुणाची तरी आहे, तिचं काय करायचं ते ठरवणं हे दुसरं. पहिलं काम सांगून करून घेता येतं. दुसऱ्याला घरातलंच कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आमच्याकडे आई होती. वडील नाहीत, मीही नाही. बाईंना मदतीला घेतल्यावर आईचं अंगमेहनतीचं काम कमी झालं. हे दुसरं काम मात्र होतं तेवढंच राहिलं. उलट आता त्याला ठरावीक वेळ आली, कारण बाई अमुक वाजता दारात उभ्या राहणार असायच्या.

खुर्चीवर टाकलेला शर्ट बघा. तो धुवायला टाकायचा आहे की अजून एकदा घालायचा आहे, हे फक्त मला माहीत असतं. बरेचदा मलाही माहीत नसतं, म्हणूनच तो खुर्चीवर असतो. टेबलावरचा कागदांचा ढीग, बंद पडलेलं घड्याळ, कुठल्याशा पार्सलचा चांगला मजबूत खोका, हे सगळे न घेतलेले निर्णय असतात. ताई त्यांच्याभोवतीनं पुसतात. त्यांना "कागदांना हात लावू नका" असं कधीतरी सांगितलं गेलं होतं आणि त्या ते इतकं काटेकोर पाळतात, की मी ढीग उचलला तेव्हा खाली धुळीचा नेमका आयत होता, चारी कडा सरळ.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, न्यूबर्ग गावी फ्रान्सिस गेब नावाची एक बाई राहत असे. तिला घरकामाचा इतका वैताग होता, की तिनं स्वतःच स्वतःला धुणारं घर बांधलं. छताला पाण्याचे फवारे, जमिनीला किंचित उतार, पाणी वाहून जायला भोकं आणि शेवटी सगळं वाळवायला गरम हवा. भांडी कपाटातच धुतली जायची आणि तिथंच वाळायची. १९८४ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. २०१६ मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी ती गेली, आणि तसं दुसरं घर काही कुणी बांधलं नाही. मला या घराबद्दल वाचताना सगळ्यात जास्त आवडली ती तिथली पुस्तकं. खोलीत पाऊस पाडायचा तर पुस्तकांना पाणी न शिरणारी वेष्टणं घालायला हवीत, फर्निचरला जलरोधक लेप हवा, भिजून खराब होईल अशी प्रत्येक गोष्ट झाकायला हवी. म्हणजे बटण दाबण्याआधी या बाईनं घरातल्या एकेका वस्तूपाशी थांबून तिचं काय करायचं ते ठरवलं असणार. पुसणं यंत्राकडे गेलं आणि ठरवणं तिच्याकडेच राहिलं. घरात खुर्चीवर शर्ट टाकणारं कुणी नसेल तर कदाचित हे जमूनही जाईल.

बायकोनं ताईंशी बोलणं झाल्यावर एक कागद केला होता. कामं कुठली, कुठली नाहीत, वेळ, साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा, आम्ही गावाला गेलो तरी पगार चालू राहणार, भांडं-काच फुटली तर पगारातून कापणार नाही. मला हे जरा जास्तच वाटलं होतं. घरातल्या घरात करारनामा कसला? ती म्हणाली, "तुझ्या नोकरीचा आहे ना कागद?" पुढं कधीतरी वाचनात आलं, की आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठीचा करार, क्रमांक १८९, स्वीकारला तो २०११ साली, आणि तो लागू झाला २०१३ मध्ये. आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती आणि कामाच्या अटी समजतील अशा शब्दांत, शक्यतो लेखी, सांगितल्या जाणं, अशा गोष्टी त्यात आहेत. कारखान्यात काम करणाऱ्यांचे तास मोजायला या संघटनेनं १९१९ सालीच सुरुवात केली होती. घरात झाडू मारणाऱ्या माणसाला आठवडी सुट्टी हवी हे जगानं कागदावर आणायला एवढी वर्षं गेली. संघटनेच्याच २०२१ च्या अहवालात जगभरच्या घरकामगारांची संख्या ७ कोटी ५६ लाख दिली आहे. त्यात मुलं सांभाळणारे, स्वयंपाक करणारे, बागकाम करणारे सगळे आले. चारांत तीनहून थोड्या अधिक स्त्रिया आहेत. उशीर का झाला याचं उत्तर मला माझ्या पाय वर घेऊन टाइप करण्यातच सापडतं. आपल्या घरात कुणीतरी नोकरीवर आहे, हे मान्य करायला अवघड जातं. आपण तिला ताई म्हणतो, मावशी म्हणतो, घरचीच म्हणतो. हे सगळं मनापासून म्हणतो, खोटं नसतं ते. पण घरच्या माणसाला पगारवाढ मागायची वेळ येत नाही आणि रजेसाठी तोंड बारीक करावं लागत नाही. तो कागद फ्रिजच्या दारावर लागला तेव्हापासून ताई रजा सांगतात. आधी मागायच्या.

मग संशयाचा विषय येतो. तो प्रत्येक घरात येतो. आईचा यावर एक नियम होता: वस्तू सापडत नसेल तर बाईंचं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी आपले खिसे, मग आपल्या पिशव्या, मग गादीखाली, मग एकमेकांना विचारायचं, मग पुन्हा आपले खिसे. हा नियम तिनं कुठल्या प्रसंगातून केला ते तिनं कधी सांगितलं नाही. माझा अंदाज आहे, पण अंदाजच. नियम मात्र इतका कडक होता, की एकदा काकू आमच्याकडे राहायला आल्या असताना "बाईंना विचारलंस का?" एवढंच म्हणाल्या, तर आई त्यांच्याशी दिवसभर बोलली नाही.

दुसऱ्याच्या घराची रोजची माहिती ज्याच्याकडे असते त्याच्याबद्दल एक सूक्ष्म भीतीही असते, ती मी नाकारणार नाही. ताईंना आमच्याबद्दल काय काय ठाऊक असेल! कुणाची उशी बाहेर सोफ्यावर आहे, कुणाच्या केसांचा पुंजका हल्ली मोरीच्या जाळीत वाढलाय, कुठल्या गोळ्यांचं रिकामं पाकीट कचऱ्यात आलं, कुठलं पुस्तक कित्येक दिवस त्याच पानावर उघडं आहे. धूळ म्हणून त्या जे भरून नेतात त्यातही कपड्यांचे धागे, चपलांबरोबर आलेली माती आणि आमच्याच त्वचेचे कण असतात, ज्यावर गादीतले बारीक जीव जगतात. ताईंनीच सांगितलं, चादरी कोमट पाण्यात धुऊन उपयोग नाही, चांगल्या गरम पाण्यात धुवा. माझी सकाळची शिंकांची माळ तेव्हापासून बरीच कमी झाली. ६० अंशांच्या पाण्यात ते जीव मरतात, हे मी नंतर शोधून वाचलं. माझ्या शिंका त्यांनी कधी ऐकल्या, त्यावर विचार केव्हा केला, याबद्दल आमच्यात एक शब्दही झालेला नव्हता. मला त्यांच्याबद्दल काय माहीत आहे? मधली बोटं साबणानं आणि पाण्यानं भेगाळलेली असतात, म्हणून बायकोनं हातमोजे आणून ठेवले. त्यांनी ते वापरून पाहिले आणि "फडक्याचा अंदाज येत नाही" म्हणून फक्त आम्लाच्या कामापुरते ठेवले. उजव्या गुडघ्यावर जोर देत नाहीत. लांब दांड्याचा मॉप आला तेव्हा खूश झाल्या, पण पलंगाखाली अजूनही वाकून हातानंच पुसतात. यापलीकडं फारसं नाही. ही तफावत काही बोलून भरून निघेल असं मला वाटत नाही, आणि त्यांनाही ती भरून काढायची हौस दिसत नाही. त्यांना वेळेवर निघायचं असतं.

इस्त्रीच्या टेबलाच्या त्या बुटाबद्दल मी शेवटी बायकोशी बोललो. तक्रारीच्या सुरात नव्हे, निदान माझ्या मते. ती हसली. "त्यांनी तुला विचारायचं कशासाठी? तू 'ठेवा कुठंतरी' म्हणतोस. त्या 'कुठंतरी'चं पुढं मी काय करते ते त्यांनी पाहिलंय." आणि मग तिनं न थांबता सांगितलं, की तिच्या डोक्यात कायम एक यादी चालू असते. सुट्टे सेल कुठं, जुनी बिलं कुठं, कुठल्या किल्लीचं कुलूप केव्हाच मोडलं, पाहुण्यांची चादर धुवून आली की नाही, औषधांच्या डब्यातली कुठली बाटली जुनी झाली. यातलं काहीच जड नसतं, ती म्हणाली, पण ते खाली ठेवताही येत नाही. ताईंमुळे तिची कंबर वाचली, हे ती रोज मान्य करते. ही यादी मात्र तशीच राहिली. ती ताईंना देताही येत नाही, कारण ती द्यायची तर घरातल्या सगळ्या निर्णयांचं ओझं त्यांच्यावर टाकावं लागेल, आणि ते काम त्या कागदावर लिहिलेलं नाही. लिहिलं तर त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतील, आणि ते योग्यच होईल.

मग आम्ही घर वाटून घेतलं. खोल्या नाही, वस्तू. वायरी, चार्जर, हत्यारं, औषधं, बिलं आणि सगळ्या किल्ल्या माझ्याकडे. त्यांच्याबद्दल प्रश्न आला तर उत्तर मी द्यायचं, आणि "ठेवा कुठंतरी" हे उत्तर धरलं जाणार नाही. औषधांचा डबा मी एका दुपारी उपसला आणि तारीख उलटलेल्या बाटल्या बाजूला काढल्या. किल्ल्यांचं काम अवघड निघालं. ताईंना हे वाटप बायकोनं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिला मी विश्वासाची नजर म्हणणार नाही.

आता त्यांनी कपाटांच्या वरचा भाग साफ करायचं ठरवलंय. तिथल्या बॅगा आम्ही खाली उतरवल्या तरच, कारण भरलेल्या बॅगा त्या उतरवत नाहीत, आणि स्टुलावर चढून तर मुळीच नाही. हेही कागदावर आहे. रजेवरून परत आल्या की लगेच करू म्हणाल्या. तोवर बॅगांचं काय ते आम्ही बघायचं. दोन रिकाम्या निघाल्या, एकीत मुलाच्या शाळेच्या वह्या आहेत. त्या ठेवायच्या यावर वाद नाही. चौथ्या बॅगेत जुन्या घराचे पडदे आहेत, जाड, निळे, अजून चांगले. त्या मापाची खिडकी या घरात एकही नाही, हे आम्हा दोघांना मान्य आहे. पडदे कुणाच्या वाटणीचे, यावर मात्र अजून बोलणी चालू आहेत.